समोरचा पाळीवर असताना

दिगू,

आपलं भांडण अर्धं राहिलं आहे. अर्धी राहिलेली गोष्ट मला तशीच मिटून ठेवता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. न आवडलेलं पुस्तकसुद्धा मी शेवटच्या पानापर्यंत वाचते, आणि त्यावरून तू मला आयुष्यभर चिडवलंस. "लायब्ररी, तुला कंटाळा येत नाही, कंटाळ्यालाच तुझा कंटाळा येत असेल." माझं नाव तू घ्यायचाच नाहीस. पालघरच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागले त्या दिवसापासून मी तुझ्यासाठी लायब्ररी झाले. त्याआधी तू मला काय म्हणायचास, हे आता आठवून सांगणारं कुणी उरलं नाही.

तुझ्या घरी लोक येऊन गेले. सुनंदावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुझ्या रंगाच्या कारखान्यातले मोठे साहेब आले, हात जोडून म्हणाले, "फार शांत माणूस होता." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्या दिवसांत वहिनींच्या ओठांच्या कडेला हसू आलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं. कुणी तुझ्या बक्षिसांबद्दल बोललं, कुणी तू अमुक वर्षी बसवलेल्या एकांकिकेबद्दल. मला जे बोलायचं होतं ते तुझ्याशी होतं, आणि त्यासाठी आधी प्रवेशाची यादी लागायला हवी होती. तूच म्हणाला होतास ना, यादी लागू दे, मग बोलू?

परवा लागली.

पण क्रमानं सांगते. तुला क्रम आवडायचा नाही, मला त्याशिवाय लिहिता येत नाही.

बोईसरहून नवापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा तो पत्र्याचा हॉल. तुझ्या मंडळातला एकेक नट कुठल्या ना कुठल्या कारखान्यात पाळीवर. कुणी फर्स्टला, कुणी सेकंडला, कुणी नाईट करून डोळे चोळत आलेला. सगळे एकाच वेळी जमले असं क्वचितच व्हायचं. इतर मंडळांत अशा वेळी कुणीतरी संहिता हातात घेऊन गैरहजर माणसाची वाक्यं वाचून दाखवतो. तू ते बंद केलं होतंस. "वाचायचं नाही. तो पाळीवर आहे, मेलेला नाही. त्याची जागा मोकळी ठेवायची. त्याचं वाक्य होईपर्यंत थांबायचं. आणि नुसतं थांबायचं नाही, ऐकायचं."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. मिश्राजी, तुझा आझमगढचा वेल्डर, जो दहा ठिकाणी अडखळून का होईना पण मराठीतच काम करायचा हट्ट धरायचा, तो मधोमध एकटा उभा राहून समोरच्या रिकाम्या जागेवर चिडत होता. मध्येच गप्प होत होता, मान हलवत होता, मग पुन्हा चिडत होता.

"हे काय वेड्यांचं इस्पितळ आहे का रे?" मी तुझ्या कानात विचारलं.

"थांब. आता तिकडून शिवी येणार आहे."

आणि खरंच मिश्राजीचा चेहरा शिवी खाल्ल्यासारखा झाला.

तुझं स्वतःचं वाक्य एकच असायचं. प्रवेश संपला की तू घसा खाकरून म्हणायचास, "हं. पुन्हा." कौतुक नाही, दोष काढणं नाही. बाहेरच्याला वाटावं, हा माणूस नीट बघतही नाही. पण त्या 'हं'मध्ये किती प्रकार होते ते तुझ्या नटांना कळायचं. मला शेवटपर्यंत सगळे कळले नाहीत.

मी तेव्हापासून तुला सांगत होते की ही सवय इथे ठीक आहे, बाहेर कुणाला कळणार नाही. समोर कुणी नसताना नट गप्प उभा राहिला की बघणाऱ्याला एकच वाटतं, हा वाक्य विसरला. तू म्हणायचास, "बघणाऱ्यानं जरा थांबायला शिकावं." मी म्हणायचे, "स्पर्धेत नाही थांबत कुणी." तू म्हणायचास, "स्पर्धेत सगळे रजा काढून येतात." मग तू माझ्या टेबलावरचं एखादं पुस्तक उचलायचास आणि मी म्हणायचे, हात धू आधी. तुझ्या नखांत त्या त्या आठवड्याचा रंग असायचा. निळा चालू असला की निळा, पिवळा चालू असला की पिवळा. तू हात धुवायचास आणि तरी रंग असायचाच.

दुसरं भांडण याहून जुनं. ते आपण कधी उघड भांडलो नाही, त्यामुळे ते संपायचाही प्रश्न नव्हता. शिरगावच्या किल्ल्याच्या तटावर उभा राहून तू ऑडिशनची तयारी करायचास आणि मी खाली सावलीत कागद धरून बसायचे. तुला वाक्य सुचवायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. तू वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून बोलायचास, म्हणजे आवाज तयार होईल असं तुला कुणीतरी सांगितलं होतं. मला अर्धं ऐकूच यायचं नाही, पण मी मान हलवायचे. बारावी नुकतीच संपली होती आणि तू त्या वर्षी पुस्तकाला हात लावला नव्हतास.

मग आपण मुंबईला त्या नाटकाच्या कॉलेजात गेलो. त्या काळी तिथे आधी ऑडिशन घ्यायचे आणि कागद नंतर बघायचे. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. तू दार ढकलून बाहेर आलास आणि आजूबाजूला माणसं आहेत याचं भान न ठेवता ओरडलास, "घेतलं!" तुझा तो चेहरा मी नंतर कधी पाहिला नाही, तुझ्या लग्नातही नाही. मग आपण कार्यालयाच्या खिडकीशी गेलो. आतल्या बाईंनी तुझी गुणपत्रिका पाहिली, नियमांचं पान काढून पुन्हा पाहिली आणि ती तुझ्याकडे सरकवली. त्यांनी अपमान केला नाही. त्यांना वाईटच वाटलं असावं. "बारावीच्या गुणांची अट आहे. आत कुणी सांगितलं नाही का?" आत कुणी सांगितलं नव्हतं. आत बसलेल्यांनी तुझा आवाज ऐकला होता, खिडकीतल्यांनी तुझे गुण वाचले होते, आणि दोघांची एकमेकांशी गाठ पडत नव्हती. मधल्या व्हरांड्यात आपण दोघं उभे होतो.

त्यानंतर वर्षानुवर्षं तू ती गोष्ट सांगायचास ती अशी: "मुंबईच्या कॉलेजनं मला ऑडिशनमध्ये घेतलं होतं." एवढीच. ऐकणारा विचारायचा, मग गेला का नाहीत? तू म्हणायचास, "नोकरी लागली." मी समोर असले तर तू माझ्याकडे बघायचा नाहीस आणि मी हातातल्या पुस्तकात बघायचे. असं करायचं हे आपलं कधी ठरलं नव्हतं. मला मात्र नेहमी वाटायचं की त्या वर्षी कुणीतरी तुला धरून अभ्यासाला बसवायला हवं होतं. आणि तुला वाटायचं की ज्यांनी तुला ऐकलं त्यांचा शब्द शेवटचा असायला हवा होता. दोन्ही खरं असेल. आपण ते कधी समोरासमोर ठेवून पाहिलं नाही.

आणि मग दर्शना आली.

आमच्या कॉलेजच्या संमेलनात तू परीक्षक होतास आणि तिथून जवळजवळ तिला उचलूनच हॉलवर घेऊन गेलास. नवापूरच्या मच्छीमार घरातली मुलगी, बोलायला फटकळ, ग्रंथालयाची पुस्तकं वेळेवर न देणारी. तुझ्या त्या भाऊ-बहिणीच्या एकांकिकेत तू तिला बहिणीचं काम दिलंस. भाऊ आईला बोईसरच्या खोलीवर न्यायचं म्हणतो, बहीण म्हणते आई किनारा सोडून जगणार नाही. भाऊ म्हणजे मिश्राजी, आणि तो कायम सेकंडला. त्यामुळे दर्शना ते काम रिकाम्या जागेशी भांडतच शिकली; त्याची वाक्यं तिनं त्याच्या एका सुट्टीला नुसती बसून ऐकली होती. बारावीला आली तेव्हा तिनं ठरवून टाकलं की नाटकाचीच पदवी घ्यायची, आणि घ्यायची तर त्याच मुंबईच्या कॉलेजात. ते कॉलेज तिनं कुठून शोधलं ते मी तिला विचारलं नाही. तुझी अर्धी गोष्ट तिनंही ऐकली असणारच.

मी नियम काढून वाचले. दरवर्षी मुलं असे नियम घेऊन माझ्याकडे येतातच. आता त्यांनी क्रम बदलला होता. आधी बारावीचे गुण बघून कुणाला ऑडिशनला बोलवायचं ते ठरणार. मग ऑडिशन. मग बारावीचे गुण आणि ऑडिशनचे गुण यांची बेरीज करून यादी. तुला वाचून दाखवलं तेव्हा तू म्हणालास, "म्हणजे आता दारातूनच परत पाठवतात. सुधारणा आहे."

"आशा लावून परत पाठवण्यापेक्षा बरं," मी म्हणाले.

तू पुस्तकांच्या कपाटाकडे बघत राहिलास. मला वाटलं आता त्या खिडकीबद्दल बोलशील. पण तू म्हणालास, "चल, नवापूरला जाऊ. तिच्या आईला कुणीतरी सांगायला हवं."

बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते. तिची आई उभ्यानंच ऐकत होती, हाताचं काम न थांबवता. मी तिला सगळा प्रकार समजावला. ती म्हणाली, "नाटकाचा कॉलेज, तं मार्क कनाला बगतात? आनि मार्क बगतात तं परत नाटक कनाला करून दाखवायचा? येका पोरीला दोनदोनदा पास करतात?"

"तसंच आहे ते," मी म्हणाले.

"आनि यकात पास, यकात नापास झाली तं?"

"तर माझ्यासारखी होईल," तू म्हणालास आणि हसलास.

तिला वाटलं तू गंमत करतोस. तीही हसली. मी मात्र मांडवाच्या बांबूला धरून उभी राहिले. इतक्या वर्षांत त्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग तू पहिल्यांदा बोललास, तोही एका अनोळखी बाईला, बोंबलांच्या वासात, थट्टेच्या सुरात.

तिच्या आईनं सांगितलं ते स्वच्छ होतं. दर्शनाच्या मामानं बोईसरच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला तिची जागा बघून ठेवली होती. "यंदा झाला तं झाला. नाय तं पोरगी कामाला लागंल. मी काय नाय म्हनत नाय, पन दरसाल वाट बगनार नाय." म्हणजे एकच वर्ष होतं, आणि त्यात दोन दारं.

इथून आपलं खरं वाजलं. स्पर्धेची प्राथमिक फेरी आणि तिची पूर्वपरीक्षा शेजारी शेजारी आली. मी तिला ग्रंथालयात माझ्या टेबलासमोर बसवायला सुरुवात केली. अर्थशास्त्र तिला बोचायचं आणि इंग्रजीचा निबंध ती दोन वाक्यांत निकालात काढायची. तू फोनवर म्हणालास, "तू माझी मुख्य नटी पळवलीस."

"परीक्षेनंतर परत करते. पुस्तकांसारखी. वेळेवर."

"ती ऑडिशनला उभी राहिली की तुझं अर्थशास्त्र कोण विचारणार आहे?"

"अर्थशास्त्र नसेल तर ती ऑडिशनला उभीच राहणार नाही. आणि ते कॉलेज आहे दिगू, मंडळ नव्हे. तीन वर्षं पेपर लिहायचे आहेत तिला. नाटकाचा इतिहास लिहायचा आहे."

"लिहील की."

"न वाचता?"

तू फोन ठेवलास. मग कितीतरी दिवस तू पालघरला फिरकला नाहीस. मी समजले, रुसलास. दर्शना रोज येत राहिली, मान खाली घालून वाचत राहिली, आणि मला वाटलं की माझ्या धाकानं येते. थोडा अभिमानच वाटला त्याचा. त्याबद्दलचं पुढे येईल.

बारावीला तिला बरे गुण पडले. फार नाही, पण ऑडिशनचं बोलावणं येण्याइतके. तुला फोन केला तेव्हा तू आधी "हं" म्हणालास. 'पुन्हा' म्हणाला नाहीस, एवढ्यावरून मी ओळखलं की तू खूश आहेस.

ऑडिशनच्या दिवशी तू आला नाहीस. "माझी पाळी आहे," म्हणालास. वहिनींकडून मला कळलं होतं की त्या दिवशी तुझी सुट्टी होती. मी तुला तसं म्हटलं नाही. मीच तिला घेऊन गेले. इमारतीला रंग दिला होता, खिडकीच्या जागी काचेचं दालन झालं होतं, पण व्हरांडा तोच. बाकही तोच असेल असं नाही, पण मी त्याच जागी बसले.

दार नीट लागत नव्हतं. आतलं सगळं ऐकू येत होतं. दर्शनानं तुझ्या एकांकिकेतला बहिणीचा भाग सुरू केला. चांगला आवाज लागला होता. पहिलं वाक्य झालं. आणि ती थांबली.

दिगू, ऑडिशनला एकट्यानं करायचं असतं ते. समोरच्याची वाक्यं गाळून, जोडून घेऊन सलग करतात सगळे. इतर मुलं तसंच करत होती, मी मघापासून ऐकत होते. हे आपण तिला सांगितलंच नव्हतं. तुला ते सुचणं शक्य नव्हतं आणि मला वाटलं तू सांगितलं असशील. ती हॉलवर करायची तसंच करत होती. भावाचं वाक्य होईपर्यंत थांबत होती, मग बोलत होती, मग पुन्हा थांबत होती. ते लांबलचक वाक्य आलं, भाऊ खोलीचं भाडं आणि नळाचं पाणी आणि जवळचा दवाखाना सगळं सांगतो ते. आत पूर्ण शांतता. मग एका पुरुषाचा आवाज आला, सौम्य होता, "विसरलीस का? घाबरू नकोस, पुढचं घे."

"नाय सर. त्याचा वाक्य चाललाय."

"कुणाचं?"

"भावाचा. तो सेकंडला हाय. पन बोलतोय."

कुणीतरी हसलं. मग एका बाईंनी विचारलं, "काय बोलतोय तो?" आणि दर्शनानं मिश्राजीचं ते अख्खं वाक्य, त्याच्या अडखळण्यासकट, म्हणून दाखवलं. शेवटी म्हणाली, "आता माझा," आणि पुढे सुरू झाली. पुन्हा कुणी तिला थांबवलं नाही. पुन्हा कुणी हसलंही नाही. पण ती शांतता कसली होती, आवडल्याची की संपवून टाकण्याची, ते मला बाहेरून कळेना.

त्या संध्याकाळी तुला फोन केला. मागे कारखान्याचा भोंगा वाजत नव्हता, घरातली भांडी वाजत होती.

"विसरली?"

"विसरली नाही. थांबली."

"सगळीकडे?"

"सगळीकडे. तुझ्या नियमाप्रमाणे."

तू इतका हसलास की वहिनींनी मागून विचारलं, काय झालं? मग तू हसू आवरून म्हणालास, "आणि तू बाहेर बसून काय केलंस?"

"काय करणार? बसले होते."

"खोटं. तूपण म्हणालीस ना त्याची वाक्यं, मनात?"

मी उत्तर दिलं नाही. आज देते. हो. एकेक वाक्य. नळाचं पाणी, दवाखाना, सगळं. तुझी ती तालीम मी किती वेळा पाहिली असेन, आणि भावाचं ते वाक्य मी मिश्राजीच्या तोंडून क्वचितच ऐकलं असेल. मला ते रिकाम्या जागेतून पाठ झालं होतं. तिनं बरोबर जिथे संपवलं तिथेच माझंही संपलं.

पण त्या दिवशी मी चिडले होते. मी म्हणाले, "हसतोस काय? तुझ्या त्या मोकळ्या जागांपायी तिची जागा जाणार आहे. इतकं करून तिला आतपर्यंत नेली ती बारावीच्या गुणांनी, आणि आत गेल्यावर तुझ्या सवयीनं घात केला."

"घात केला की काम केलं, ते तुला काय माहीत? तू बाहेर होतीस."

"तू तर घरी होतास."

हे बोलायला नको होतं असं नाही. खरंच होतं ते. तूही रागावला नाहीस. मग म्हणालास, "यादी लागू दे, लायब्ररी. मग बोलू. तेव्हा हरलीस तर शिरगावला नेऊन वाऱ्याविरुद्ध बोलायला लावीन तुला."

ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. त्यानंतर यादी लागायच्या आत सुनंदावहिनींचा फोन आला.

तू नसलेले दिवस कसे गेले ते लिहीत नाही. सगळ्यांचे जातात तसे गेले. एकच सांगते. मिश्राजी एक दिवस पालघरला आला, ग्रंथालयाच्या दारात चपला काढून आत आला. त्याला सांगितलं चपला चालतात, तरी नाही घातल्या. बसला. म्हणाला, "मॅडम, लडकी का रिजल्ट आया?" मी म्हटलं, नाही अजून. मग तो दर्शनाच्या अभ्यासाबद्दल बोलू लागला आणि मी म्हणाले, हो, मीच तिला इथे डांबून ठेवली होती, तुमचे दादा फार रागावले होते माझ्यावर.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "दादा? दादाने तो खुद ड्यूटी लगाई थी उसकी."

तेव्हा मला कळलं. आपला फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू हॉलवर सगळ्यांना सांगितलं होतंस, दर्शना परीक्षेपर्यंत पाळीवर आहे. लायब्ररीत. तिची जागा मोकळी ठेवायची. आणि ते सगळे, नाईट करून आलेले, डबे खाऊन आलेले, रोज तिच्या वाक्यांसाठी थांबत राहिले. स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतून तू मंडळाचं नाव काढून घेतलंस आणि कुणाला कारण सांगितलं नाहीस. मिश्राजी म्हणाला की तिच्या एका वाक्याला सगळे हसायचे, ती नसतानाही.

माझ्या टेबलासमोर ती अर्थशास्त्र वाचत होती आणि बोईसरला सहा-सात माणसं तिचं न बोललेलं वाक्य ऐकून हसत होती. आणि तू मला फोनवर म्हणत होतास, नटी पळवलीस. माझ्यापुढे हार मानायची नाही म्हणून तू रुसून बसलास, आणि तिकडे माझं म्हणणं पूर्णच्या पूर्ण पाळलंस. हे तुझ्या तोंडावर बोलायला मिळालं असतं तर मी तुला सोडला नसता. मिश्राजी गेल्यावर मी ग्रंथालय थोडं लवकर बंद केलं. बाकी काही नाही.

तर परवा यादी लागली. दर्शना आणि तिची आई दोघी ग्रंथालयात आल्या होत्या, कारण घरी नेटवर्क धड नसतं. पावसामुळे होड्या बंद आहेत सध्या, त्यामुळे आईलाही वेळ होता. यादी उघडली. दर्शना वरून वाचू लागली, मी खालून. मला आधी सापडलं. शेवटाच्या अगदी जवळ, पण यादीत. नाव पूर्ण, आडनावासकट, बरोबर.

दर्शनानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आईनं विचारलं, "दोनी पास काय गो?"

"दोनी मिलून पास, आये."

"मंग रडतंस कनाला?" असं म्हणून ती स्वतःच रडायला लागली, आणि लगेच पदरानं डोळे पुसून मला म्हणाली, "तुजा मामा आता मना खाईल," जणू मीच तिची पोर.

मी मात्र पडद्याकडे बघत होते. नावापुढे एकच आकडा होता, बेरजेचा. बारावीचे किती, ऑडिशनचे किती, काही नाही. कुणी तिला आत ओढलं, दिगू? माझ्या अर्थशास्त्रानं की तुझ्या मोकळ्या जागांनी? त्या शांततेत आत बसलेल्यांनी भरभरून गुण दिले आणि बारावीचे कमी गुण त्यात निभावले, की त्यांनी कापले आणि बारावीनं ते भरून काढले? शेवटाजवळ म्हणजे एक बाजू कमी पडली असणारच. कुठली?

दर्शनानं माझं बघणं ओळखलं. डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, हाफिसात विचारला तर येगले येगले सांगतात मार्क. विचारू? तुमचा आनि दादांचा भांडन हाय ना?"

तिला ठाऊक होतं. हॉलवर सगळ्यांना ठाऊक असणार.

मी म्हणाले, नको. शेवटच्या पानापर्यंत वाचणारी मी, नको म्हणाले. जिंकले असते तरी सांगायचं कुणाला होतं, आणि हरले असते तर शिरगावला कोण नेणार होतं? आतल्यांनी ऐकलं आणि बाहेरच्यांनी वाचलं आणि या वेळी दोघांची एका आकड्यात गाठ पडली. व्हरांड्यात कुणाला उभं राहावं लागलं नाही. तेवढं मला पुरे वाटलं. तुला पुरलं असतं का, माहीत नाही. तू म्हणाला असतास, फोन लाव, विचार.

काल हॉलवर गेले. दर्शनाला निरोप म्हणून त्यांनी ती एकांकिका करायची ठरवली होती, आपल्याआपल्यातच. आश्चर्य म्हणजे मिश्राजीनं पाळी बदलून घेतली होती. भाऊ आणि बहीण पहिल्यांदाच समोरासमोर उभे राहिले. दोघंही बिचकले थोडे. नळाचं पाणी, दवाखाना, सगळं आता आवाजात आलं, आणि मी ते ओठांवर म्हणत होते हे शेजारच्यानं पाहिलं असणार.

प्रवेश संपला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी जागचं हललं नाही. दर्शना हात तसाच धरून उभी, मिश्राजी मान खाली घालून. मला वाटलं पुढचं विसरले. मग लक्षात आलं. ते थांबले होते. घसा खाकरायला जितका वेळ लागतो तितका, आणि मग 'हं', आणि मग 'पुन्हा'. कोणता 'हं' होता तो, त्यांच्या चेहऱ्यांवरून मला जवळजवळ कळला. मग दोघं मागे सरले आणि पहिल्यापासून सुरू झाले.

हे सगळं मी आज सावकाश लिहून काढलं. माझ्या बाजूनं जे होतं ते सांगून झालं, न सांगितलेलंही सांगितलं. यादी लागली आहे, दिगू. आता तुझं. मी ऐकते आहे.